दोन घागरी पाणी

नजीरभाईंना साधा प्रश्न विचारायची सोय नव्हती. फ्यूज का उडाला असं विचारलं की ते निजामाच्या काळात लातुरात वीज कशी आली तिथून सुरुवात करायचे. मध्ये त्यांच्या अब्बांचं कलईचं दुकान यायचं, व्हॉल्व्हचा रेडिओ यायचा, उदगीरचा एखादा पाहुणा यायचा, आणि फ्यूज बिचारा शेवटी कधीतरी. मी एकदा वैतागून म्हटलं, "नजीरभाई, मला वीज बोर्डात नोकरी करायची नाही हो. दिवा लावा." त्यावर ते मनापासून हसले आणि दिवा लावता लावता उरलेली गोष्ट सांगून मोकळे झाले.

मी कस्तुरा. लातुरात गुरुपादप्पा सरांच्या क्लासमध्ये बारावीला जीवशास्त्र शिकवायचे. माझ्या जिभेला हाड नाही असं सगळे म्हणायचे आणि मला त्याचं काही वाटायचं नाही. सगळ्यांना डॉक्टर व्हायचंय पण बेडकाला हात लावायचा नाही, अशा पोरांपुढे गोड बोलून भागत नाही. सरांनाही मी तोंडावर बोलायचे. नजीरभाईंवर मात्र रागावता यायचं, पण रागावून राहता यायचं नाही.

गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत त्यांच्या घराण्याचं कलईचं दुकान होतं. स्टीलची भांडी आली आणि तो धंदा बसला. नजीरभाई भाता सोडून रेडिओ-टेप दुरुस्तीला लागले. "अब्बा बी कथील वापरायचे, मी बी डाग द्यायला कथीलच वापरतो," ते म्हणायचे, "मला जरा कमी लागतं एवढंच." हात चांगला होता आणि त्याचा त्यांना गर्वही होता. दुसऱ्या कुणी उघडून बघितलेला टेप समोर आला की आधी त्या दुसऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार, मग काम.

त्र्याण्णव साली किल्लारीकडची गावं ढिगाऱ्याखाली गेली, तेव्हा नजीरभाई दुकानातला भोंगा आणि ॲम्प्लिफायर टेम्पोत टाकून तिकडं निघून गेले. कुणी बोलावलं नव्हतं. मी तिथल्या मदतछावणीत औषधांच्या पेट्या लावत होते. माणसं आपली माणसं शोधत चिखलातून फिरत होती, आणि भोंग्यावरून सारखं पुकारावं लागायचं: अमक्या गावची अमकी इथं आहे, तिच्या घरचं कुणी असेल तर दवाखान्याच्या तंबूपाशी या. ओरडून ओरडून नजीरभाईंचा घसा बसला. त्यांची बायको हुसेनबी तिथं भाकऱ्या थापायला यायची, आणि घरी ठेवायला कुणी नाही म्हणून पोरीला सोबत आणायची. पोरगी शबाना, चौथीतली. तिनं बापाच्या हातातून माइक घेतला.

तिचा आवाज काही गाण्याबिण्याचा नव्हता. पण अक्षर न् अक्षर सुटं आणि स्वच्छ. परक्या गावांची, परक्या माणसांची नावं ती अशी घ्यायची, की जसं ते माणूस समोर उभं आहे आणि त्याला ऐकू यायलाच हवं. एक म्हातारा दिवसभर त्या भोंग्याखाली बसून असायचा. त्याच्या घरचं कुणी सापडणार नव्हतं, हे त्यालाही ठाऊक होतं. मी विचारलं, "आजोबा, इथं का बसलाय?" तर म्हणाला, "पोरगी नाव नीट घेती." मी तिथून उठून पेट्यांमागे जाऊन रडले.

पुढं लातुरात क्लासचं पेव फुटलं. भूकंपानंतर सिमेंटची घरं झाली आणि त्या घरांच्या प्रत्येक मजल्यावर एक क्लास बसला. नायगाव, देवणी, हिमायतनगर, कुठून कुठून पोरं पेट्या घेऊन यायची. गुरुपादप्पा सर हुशार माणूस. हैदराबादेतल्या एका कंपनीनं मोडीत काढलेला सर्व्हर त्यांनी उचलून आणला, संगणकांची एक खोली केली आणि ती सांभाळायला नजीरभाईंना ठेवलं. क्लासच्या आवारात मागं एक खोली होती, ती त्यांना राहायला दिली. हुसेनबी वर्ग झाडायची.

त्या खोलीत पोरांनी कानाला हेडफोन लावून प्रश्न ऐकायचा, उत्तर लिहायचं, मग बरोबर उत्तर ऐकायचं, अशी सरांची योजना. आवाज कुणाचा घ्यायचा यावर खल झाला. सरांनी स्वतःचा घेतला, तर त्यांचा कानडी हेल ऐकून पोरं हसत सुटली. माझा घेतला, तर पोरं घाबरली. शेवटी अकरावीतल्या शबानाला बसवलं. कॉलेज सुटल्यावर येऊन ती वाचायची, नजीरभाई रेकॉर्ड करायचे. प्रश्न संपला की ती जरा थांबायची आणि म्हणायची, "घाई करू नका. नीट विचार करा." हे तिला कुणी लिहून दिलं नव्हतं, तिनं आपल्या मनानंच घातलं होतं. सरांनी ते काढायला सांगितलं, तर पोरांनीच कल्ला केला. परीक्षेच्या हॉलमध्येसुद्धा तो आवाज कानात येतो म्हणायची.

पण हे सगळं त्या जुन्या सर्व्हरमध्येच. शेजारच्या क्लासवाले चोरतील या भीतीनं सरांनी एकही प्रत बाहेर जाऊ दिली नाही. खोलीतल्या संगणकांचे सीडी ड्राइव्हसुद्धा काढून ठेवले होते. नजीरभाई मनात आणते तर काहीही करू शकले असते, पण क्लासची चीज क्लासची, हे त्यांचं ठरलेलं होतं.

दोन हजार दोनच्या पावसाळ्यात शबाना मेंदूज्वरानं गेली. बारावीला तिनं छान मार्क काढले होते, पुढच्या प्रवेशाची धावपळ चालू होती. ताप आला, सोलापूरला नेईपर्यंत शुद्ध हरपली, आणि नेलेली पोर परत आली ती चादरीत. मी आयुष्यात पुष्कळ मयती पाहिल्या, भूकंपात तर पाहू नये ते पाहिलं, पण हुसेनबीनं त्या पोरीच्या पायातले चांदीचे पैंजण काढले ते आजही माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

घरात तिचे फोटो होते. आवाज तेवढा क्लासमध्ये होता. दुपारी पोरं जेवायला गेली की हुसेनबी चपला बाहेर काढून संगणकाच्या खोलीत यायची. नजीरभाई तिला हेडफोन लावून द्यायचे. रसायनशास्त्रातलं तिला ओ की ठो कळायचं नाही. बेंझिन, टोल्यूइन, असलं काहीतरी ती डोळे मिटून ऐकत बसायची, आणि "घाई करू नका" आलं की मान हलवून म्हणायची, "हौ बेटा."

आणि तिनं फाटकाबाहेर एक रांजण ठेवला. गेलेल्या माणसाच्या नावानं तहानलेल्याला पाणी पाजलं की त्याचं पुण्य त्या माणसाला पोचतं, अशी त्यांच्यात श्रद्धा. आमच्यातही पाणपोया असतात, एखाद्या पुढाऱ्याच्या फोटोसकट. पण हुसेनबीनं तो रांजण जसा सांभाळला तसा सांभाळणारं मी कुणी पाहिलं नाही. ओलं फडकं गुंडाळलेलं, पेले राखेनं घासलेले, आणि येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक पोराला "पी बेटा, पोटभर पी" म्हणायचं. मनात काय म्हणायची ते तिचं तिला ठाऊक.

दोन हजार चारला सरांनी नांदेडला शाखा काढायचं ठरवलं आणि त्यासाठी एक नवं कपाट आणलं. कपाट म्हणजे डिस्क भरलेलं यंत्रच, फायबरवर चालणारं. आधी ते लातूरच्या नव्या इमारतीत लावायचं, जुन्या सर्व्हरमधलं सगळं त्यात भरायचं, मग कपाट नांदेडला न्यायचं आणि जुना सर्व्हर भंगारात. नजीरभाईंना नवं काही आलं की चेव चढायचा. मी न विचारताच त्यांनी सुरू केलं.

"बाई, भानगड अशी हाय. जुना सर्व्हर जाड केबलीचा गडी. त्याला स्कझी ही जुनी बोली सोडून काही कळत न्हाई. नवं कपाट काचेच्या तारेतून बोलतं, उजेडानं. दोघांला आमनेसामने बसवलं तरी एकमेकाला वळखणार न्हाईत. देगलूरच्या बाजारात कानडीवाल्याचा आन् तेलुगूवाल्याचा सौदा जुळवायला मधी एक माणूस लागतो ना, तसं."

तो मधला माणूस म्हणजे एक चपटी पेटी, ब्रिज. ती जुन्या सर्व्हरशेजारी ठेवली. तिच्या एका अंगाला तांब्याची जाड केबल सर्व्हरकडे गेलेली, दुसऱ्या अंगातून केसासारखी बारीक काचेची तार आवार ओलांडून नव्या इमारतीत. सर्व्हरला वाटायचं आपल्याला आपल्यासारखीच एक डिस्क जोडली, आणि कपाटाला वाटायचं कुणी फायबरवालाच बोलतोय. दोघंही खूष. पहिल्या दिवशी एक धडा पलीकडे पोचला तेव्हा नजीरभाईंनी सगळ्या स्टाफला पेढे वाटले.

सरांनी त्यांना शब्द दिला होता. अभ्यासक्रम बदलणार होता, ते जुने प्रश्न आता कुणी चोरले तरी सरांना फरक पडणार नव्हता. तेव्हा सगळं नव्या कपाटात आलं, की शबानाच्या आवाजाची सीडी करून घरी न्यायची. हुसेनबीनं भावाकडून सीडीचा प्लेअर मागून आणला आणि स्वच्छ कापडात बांधून फडताळात ठेवला. मला रोज विचारायची, "बाई, कदी हुईल?" जसं काही माहेरवाशीण यायची होती.

सरांचा हुकूम असा, की आधी प्रश्नसंच, मग प्रवेशाचं सगळं, आणि जुने आवाज सर्वांत शेवटी. मी नजीरभाईंना म्हटलं, "आधी शबानाचं घ्या की. सरांना काय कळतंय?" त्यांनी जीभ चावली. "न्हाई बाई. ज्याचं खातो त्याचं आधी. आपलं मागून."

आता त्या खड्ड्याबद्दल सांगायला हवं. जुन्या खोलीमागे जमिनीत अर्थिंगची तांब्याची पट्टी पुरलेली होती, भोवती कोळसा आणि मीठ. यंत्रातली भरकटलेली वीज तिथून जमिनीत उतरते. पण जमीन ओली असली तरच ती वीज पोटात घेते, कोरडी झाली की घेत नाही. मग ती वीज दुसरी वाट शोधते. जुन्या खोलीतल्या विजेचा भरवसा नव्हता म्हणून ब्रिजला वीज नव्या इमारतीतून ओढून घेतली होती, त्याचं अर्थिंगही तिकडचंच. म्हणजे इकडची जमीन कोरडी पडली तर विजेला दुसरी वाट एकच, सर्व्हर आणि ब्रिजच्या मधली तांब्याची केबल. काचेच्या तारेतून वीज जात नाही. तेवढा हातभर तांब्याचाच धोका होता. म्हणून नजीरभाई रोज सकाळी त्या खड्ड्यात दोन घागरी पाणी ओतायचे, आणि बल्ब जोडून जमीन वीज घेतेय का ते बघायचे.

पण त्या उन्हाळ्यात लातुरात पाणी होतं कुठं? नळाला कधी येईल ते नळालाच ठाऊक. टँकरचा भोंगा वाजला की प्राध्यापकाची बायको काय आणि मोलकरीण काय, सगळ्या घागर घेऊन पळायच्या. आणि इथं हा माणूस भरल्या घागरी जमिनीत ओततोय! कुंपणापलीकडच्या बायका कडाकडा बोटं मोडायच्या. नजीरभाई त्यांना निजामापासून समजावायला जायचे, त्या ऐकायच्या नाहीत.

बाकीचं सगळं पलीकडे गेलं, आवाज तेवढे राहिले. एवढ्यात सरांनी त्यांना नांदेडला पाठवलं, कपाट ठेवायची जागा आणि तिथली वीज बघून या म्हणून. जाताना त्यांनी ब्रिज सोडवून ठेवला, खड्ड्यापुरतं एक पिंप भरून ठेवलं आणि दारातून हुसेनबीला म्हणाले, "गढ्ढे में रोज दो घागर पानी डालना. भूलना नक्को."

"हौ," ती म्हणाली.

बस, एवढंच. सगळ्या जगाला सगळं समजावून सांगणारा माणूस, बायकोला मात्र का ते सांगितलं नाही. घरच्या माणसाला काय समजवायचं, ही आपल्याकडची जुनी खोड.

ते नांदेडला असताना टँकर आलाच नाही. ऊन असं, की डांबर चपलेला चिकटायचं. रांजण सकाळीच आटायचा आणि पोरं रिकामा पेला बुडवून परत जायची. हिमायतनगरकडची एक मुलगी फाटकातच चक्कर येऊन पडली. मी तिला सावलीत घेतली, तोंडावर मारायला पाणी मागितलं, आणि हुसेनबी भरली घागर घेऊन धावत आली. दुसऱ्या दिवशी बघते तर रांजण काठोकाठ. मी म्हटलं, "अगं, कुठून आणलंस?"

"हाय की, बाई," ती म्हणाली. कितीतरी दिवसांनी तिचा चेहरा उजळलेला दिसला. "आज लेकरांनी पोटभर पिलं."

मला वाटलं, कुणा पाहुण्याकडून आणलं असेल.

नजीरभाई नांदेडहून आले ते एसटीतून उतरून थेट संगणकाच्या खोलीत. आंघोळ नाही, चहा नाही. ब्रिज जोडला, केबल बसवल्या. बल्ब लावून बघायचं तेवढं त्यांनी केलं नाही. का नाही केलं, ते मला नंतर म्हणाले, "पाणी हिच्यावर सोपवलं होतं, बाई. तिच्या समोर बल्ब लावून बघितला असता तर इश्वास न्हाई असं झालं असतं ना."

हुसेनबी उंबऱ्याशी येऊन बसली होती. तिला पोरीचा आवाज जाताना बघायचा होता. "दिसतं का वो जातानी?" तिनं मलाच विचारलं. मला तरी कुठं ठाऊक? नजीरभाई हसून म्हणाले, तो उजेड डोळ्याला दिसत नसतो. तरी ती त्या बारीक तारेकडं टक लावून बसली. मीही तास सोडून तिथंच उभी होते. पडद्यावर एक पट्टी भरायला लागली.

तेवढ्यात वीज गेली. त्यात नवल नव्हतं, रोजच जायची. जुना यूपीएस टुक टुक करत कसाबसा तग धरून राहिला. मग वीज आली, आणि आली ती उसळून. पंखा घरघरला, आणि केबलच्या तोंडाशी चट् असा आवाज झाला. अगदी लहानसा आवाज. मग जळका वास. पडदा काळा झाला होता.

नजीरभाई वळून हुसेनबीला म्हणाले, "चाय कर जा." ती गेल्यावर त्यांनी बल्ब काढला आणि जोडून बघितला. तो नुसता लालसर मिणमिणला. ते तसेच खोलीमागे गेले, मी त्यांच्या मागोमाग. त्यांनी खड्ड्यात हात घातला. कोपरापर्यंत घातला. बाहेर काढलेल्या मुठीतून माती वाऱ्यानं उडून गेली.

"पाणी घातलं न्हाई," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. कळतच नव्हतं त्यांना.

तेव्हाच फाटकाकडून हुसेनबीचं ऐकू आलं. चहाचं आधण ठेवून ती कुणा पोराला म्हणत होती, "पी बेटा, पोटभर पी." नजीरभाईंनी तिकडं बघितलं. काठोकाठ भरलेल्या रांजणाकडं बघितलं. त्यांना मला काही सांगावं लागलं नाही.

मग ते म्हणाले, "बाई, हे हिला कळता कामा न्हाई. कुणालाच न्हाई."

"मग काय सांगणार?"

"टोपी लावायची राहिली म्हणतो."

त्या तांब्याच्या केबलीच्या शेवटच्या टोकाला एक छोटी टोपी बसवावी लागते, नाहीतर निरोप टोकाला आपटून माघारी फिरतात आणि सगळा गोंधळ होतो. काम शिकणाऱ्याला पहिल्या दिवशी हेच शिकवतात. "टोपी राहिली तर असं जळत न्हाई खरं म्हणजे," ते म्हणाले, "पण इथं कुणाला कळतंय?"

माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, "तुम्हाला वेड लागलंय का? तिला जवळ बसवा, नीट सांगा. यात चूक कुणाचीच नाही."

"बाई," ते म्हणाले, "ती पोरीच्या नावानं पाणी पाजती. हे कळल्यावर ती पुन्हा कुणाला पाणी पाजू शकल? सोता एक घोट पिऊ शकल? तेवढंच तर ऱ्हायलं तिच्याजवळ." आणि त्यांनी माझ्यापुढे हात जोडले. मातीनं भरलेले हात. मी मान हलवली. दुसरं काय करणार होते?

हुसेनबी चहा घेऊन आली तेव्हा त्यांनी सांगितलं. उभ्या उभ्या, एका दमात. सर्व्हर जळाला, डिस्का गेल्या, आवाज गेले. टोपी लावायची राहिली माझ्याकडून. तिनं ट्रे खाली ठेवला. किती वेळ ती त्यांच्या हातांकडं बघत राहिली.

"सारी दुनिया का बराबर लगाए," ती म्हणाली, "मेरी बच्ची का च रह गया?"

नजीरभाईंनी खाली वाकून जळकी केबल सोडवायला घेतली.

सरांनी डिस्का पुण्याला पाठवल्या. जशा गेल्या तशा परत आल्या. सगळ्या स्टाफपुढं सरांनी नजीरभाईंना वाटेल ते सुनावलं, कालच्या पोरालाही कळतं ते तुम्हाला कळू नये का, वगैरे. कुणी दुसऱ्यानं जोडलेली वायर बघून ज्यांच्या कपाळाला आठ्या पडायच्या, ते नजीरभाई खाली मान घालून ऐकत होते. मला सरांचा जीव घ्यावासा वाटला. काढून टाकलं नाही एवढंच, कारण कपाट दुसऱ्या कुणाला येत नव्हतं. त्यांना नांदेडला पाठवलं.

हुसेनबी गेली नाही. "रांजण कोण भरल?" म्हणाली. ती लातुरात, ते नांदेडला देगलूर नाक्याजवळ एका खोलीत. सुट्टीला एसटीनं यायचे. ती जेवायला वाढायची, कपडे धुऊन द्यायची, आणि एक शब्द बोलायची नाही. तेही बोलायचे नाहीत. त्यांचं सगळ्यांशीच बोलणं आटलं. एकदा मी नांदेडच्या शाखेत शिकवायला गेले, मुद्दाम विचारलं, "नजीरभाई, हा पंखा का हो बंद पडतो?" ते म्हणाले, "कंडेन्सर." आणि पेटी उचलून निघून गेले. मी त्या वर्गात फळ्याकडे तोंड करून उभी राहिले, पोरांना डोळे दिसू नयेत म्हणून.

भेट झाली की मी दरवेळी भांडायचे. "मी सांगून टाकते तिला. पुरे झालं हे." ते नुसते हात जोडायचे. असं एक वर्ष नाही, दोन वर्षं नाही. लातूरला नव्या पाइपलाइनी झाल्या, क्लासच्या इमारती वाढल्या, माझे केस पांढरे झाले. या दोघांची गाडी त्याच एका चहाच्या ट्रेपाशी थांबलेली होती.

एका हिवाळ्यात नांदेडलाच, कामावर असताना, ते छातीत कळ येऊन गेले. लातूरला आणलं. हुसेनबी रडली नाही. बायका कुजबुजल्या, दगड आहे म्हणाल्या. मी त्यांना गप्प केलं, कसं ते विचारू नका.

चाळिसावा दिवस झाल्यावर मी तिच्याकडं गेले. ती खोलीत एकटीच होती, त्यांचे शर्ट घड्या घालून बाजूला ठेवत होती. मला बस म्हणाली.

मग ती म्हणाली, "बाई, एक इचारू? तुमी त्या दिवशी तिथंच होता. खरं सांगा. टोपी लावायची राहिली होती का त्यांची?"

माझ्या ओठावर सगळं आलं. तो माणूस गेला होता, आता कुणासाठी लपवायचं? एवढी वर्षं खाली मान घालून जगला, निदान मेल्यावर तरी त्याची मान वर व्हावी, असं मला वाटत होतं. पण मी तिच्याकडं बघितलं. ती म्हातारी झाली होती, आणि तिचं म्हणावं असं आता कुणीच राहिलं नव्हतं.

"हो," मी म्हटलं. "राहिली होती."

तिनं मान हलवली. हातातल्या शर्टाची घडी मोडून पुन्हा घातली.

"मला पटायचंच न्हाई, बाई. असा माणूस टोपी इसरल कसा? ते आले की दर टायमाला वाटायचं, आज म्हणतील, हुसेनबी, माझी चूक न्हवती. नुसतं म्हणले असते तरी मी मानलं असतं. काय झालं, कसं झालं, काहीच इचारलं नसतं. वाढता वाढता मी वाट बघायची. ते जेवायचे आन् उठायचे. मग मी बी बोलले न्हाई."

ती रडायला लागली. तिला जवळ घ्यायला हवं होतं, पण माझा हात काही उचलला गेला नाही.